पिंजरा कुठे मांडाल?

रात्री माळ्यावर खुडबुड होते. सकाळी कणगीला भोक दिसते. बियाण्याची ज्वारी खाली सांडलेली असते. घरधनी पिंजरा आणतो. त्यात भाकरीचा तुकडा अडकवतो आणि पिंजरा घराच्या मधोमध ठेवतो. चार दिवस जातात, पण उंदीर काही सापडत नाही. मग "उंदीर लई हुशार!" म्हणत तो पिंजरा अडगळीत टाकतो.

चूक पिंजऱ्याची नाही, मांडण्याची आहे.

आधी उंदराची वाट शोधा. उंदीर उघड्यावरून फिरत नाही. भिंतीला अंग घासत, रोज त्याच वाटेने जातो. त्या वाटेवर लेंड्या पडतात. भिंतीवर काळसर, तेलकट डाग पडतो. तिथेच भिंतीला लागून पिंजरा ठेवा. वाट माळ्यावर असेल तर पिंजराही माळ्यावर ठेवा.

मग आमिष. धान्य उघडे पडले असेल, तर उंदीर भाकरीला कशाला विचारील? म्हणून आधी सांडलवंड झाडून घ्या. कणगी लिंपा, वर झाकण घाला. मग वासाचा पदार्थ लावा. भाजलेले खोबरे, भजे किंवा सुका बोंबील चालेल. आमिष आकड्याला घट्ट अडकवा. शिळे झाले की बदला.

तिसरी गोष्ट धीराची. उंदीर नव्या वस्तूला भितो. म्हणून पहिले तीन दिवस पिंजऱ्याचे दार उघडेच बांधून ठेवा. त्याला आमिष खाऊ द्या. त्याची भीती मोडली, की चौथ्या रात्री चाप लावा.

मोठा उंदीर दिवसाला 15 ते 20 ग्रॅम धान्य खातो. म्हणजे वर्षाला पाच ते सात किलो! नासतो ते वेगळेच.

मेलेल्या उंदराला उघडा हात लावू नका. काठीने उचला, खोल पुरा, हात साबणाने धुवा.

आणि हे विसरू नका. विष घातले नसताना घरात उंदीर मरून पडू लागले, तर सावध व्हा. प्लेगात आधी उंदीर मरतात. मग त्यांच्या अंगावरच्या पिसवा माणसांना चावतात. 1994 साली बीड जिल्ह्यातील मामला गावात आधी उंदीर मरू लागले. पिसवा फार झाल्या. मग माणसांना ताप आला, गाठी आल्या. अशा वेळी पिंजरा मांडत बसू नका. तडक आरोग्य केंद्रात कळवा.

सांगा पाहू :
1. उंदराची वाट कशी ओळखाल?
2. पहिले तीन दिवस दार उघडे का ठेवायचे?
3. तुमच्या घरात पिंजरा कुठे मांडाल?