गौरीसाठी घरचा तेरडा : खर्च किती?

तेरड्यावर पैसे घालायचे असतील तर मातीत घाला, रोपात नको. पावसाबरोबर उगवायचं, फुलायचं आणि बी टाकून मरायचं, एवढंच या रानफुलाचं आयुष्य. ऑगस्टात नर्सरीतून फुललेलं रोप आणाल तर त्यातले निम्मे दिवस दुकानातच सरलेले असतात.

बी गावाकडच्या कुणाच्या परसातून फुकट मिळतं. विकत घेतलं तर पाकिटाला साधारण ३० ते ६० रुपये पडतात. एकेरी पाकळ्यांचंच मागा. दुहेरी फूल भरगच्च दिसतं खरं, पण मधमाशीला एकेरी फुलात सहज शिरता येतं. कास पठारावरचा गुलाबी तेरडा ही वेगळी जात आहे आणि ते राखीव वन आहे. तिथून बी किंवा रोप मुळीच आणू नका.

खरा खर्च कुंडीचा. १० इंची प्लास्टिकची कुंडी ८० ते १५० रुपयांना मिळते. रंगाची जुनी बादली स्वच्छ धुऊन तळाला भोकं पाडलीत तर तोही वाचतो. लाल माती आणि गांडूळखत मिळून कुंडीमागे शंभर-सव्वाशे रुपये धरा. शहरात भाव थोडा चढाच असतो. खतात काटकसर करू नका. रासायनिक खत मात्र लागत नाही, ते विकत घेऊच नका.

कोकणात अनेक घरी मुळासकट तेरडा आणून त्याचीच गौर पूजतात. ती मुळं म्हणजे गौरीची पावलं. घरची फुलं त्या दिवशी हवी असतील तर कॅलेंडरात गौरी आवाहनापासून ७० दिवस मागे मोजा आणि बी पेरा. वर मातीचा पातळ थर पुरे. आठ-दहा दिवसांत कोंब येतात. मग कुंडीत दोन-तीनच रोपं ठेवा, दाटीत पानांवर भुरी पडते. चार-पाच तास ऊन हवं. खोड पाणीदार असल्याने उघडीप पडली की झाड लगेच माना टाकतं, पण कुंडीत पाणी साचलं तर मुळं कुजतात.

बोंडं पिवळसर होऊ लागली की त्यांवर जुन्या मलमलीची पुरचुंडी सैलसर बांधा, नाहीतर बोट लागताच ती फुटून बी उडतं. सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवलेलं बी पुढच्या जूनला चालतं. तेव्हा खर्च उरतो फक्त खताचा.