शालेय मुलांचा डबा : अष्ट आहारविधिविशेषायतनांच्या दृष्टीने

"मुलीला भूकच लागत नाही, एखादे टॉनिक द्या," अशी विनंती घेऊन पालक आपल्याकडे नेहमी येतात. अशाच एका सात वर्षांच्या मुलीला आम्ही डब्याविषयी विचारले. ती म्हणाली, "पोळी तुटत नाही आणि भाजी सांडते. तोवर घंटा होते." तिचा अग्नी मंद नव्हता, डबाच खाण्याजोगा नव्हता. दीपन-पाचन औषधे लिहिण्यापूर्वी डब्याची चौकशी करावी, हे आम्ही त्या दिवशी शिकलो.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्या अध्यायात सांगितलेली आठ आहारविधिविशेषायतने ही या चौकशीची तयार चौकटच आहे.

प्रकृती : मूग स्वभावतः लघू आणि उडीद गुरू. डबा खाऊन मुलाला पुन्हा वर्गात बसायचे असते. म्हणून रोजच्या डब्यात मुगाला प्राधान्य द्यावे. तळलेले व मैद्याचे पदार्थ क्वचितच असावेत.

करण : संस्काराने गुण पालटतात. विरूढ धान्य ग्रंथांत गुरू व विष्टंभी सांगितले आहे. म्हणून मोड आलेली मटकी कच्ची न देता वाफवून, हिंग-जिऱ्याची फोडणी देऊन द्यावी. भाजणीचे धान्य भाजल्याने हलके होते.

संयोग : डाळ आणि धान्य यांची प्रथिने परस्परांना पूरक ठरतात. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास त्यातील लोह अधिक शोषले जाते. दूध व केळे यांचा संयोग मात्र विरुद्ध मानला आहे. शिकरण टाळून केळे निराळे द्यावे.

राशी : शासनाच्या शालेय पोषण योजनेत पहिली ते पाचवीसाठी ४५० उष्मांक व १२ ग्रॅम प्रथिने, तर सहावी ते आठवीसाठी ७०० उष्मांक व २० ग्रॅम प्रथिने असे प्रमाण आहे. भरपेट डब्यासाठी हे माप उपयोगी पडते. ५० ग्रॅम मूगडाळीच्या धिरड्यांतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात.

देश व काल : कोकणात तांदूळ व नाचणी, देशावर ज्वारी-बाजरी सात्म्य असते. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. डबा तीन-चार तास बंद राहतो, म्हणून उन्हाळ्यात ओला नारळ, दही किंवा रसभाजी देऊ नये. पदार्थाची वाफ जिरल्यावरच झाकण लावावे.

उपयोगसंस्था : मधल्या सुट्टीत हात धुऊन, बसून, न धावता खावे. वेळ थोडा असल्याने घास लहान व मऊ असावेत.

उपयोक्ता : आठांपैकी हेच आयतन पालक विसरतात. मुलाला दोन पर्याय द्यावेत व निवड त्याची असू द्यावी. पोळीची गुंडाळी करून चकत्या कापाव्यात, थालीपीठे वाटीने गोल पाडावीत, लाडू त्यालाच वळू द्यावेत. स्वतः वळलेला लाडू परत येत नाही, असा आमचा अनुभव आहे.

आठवड्याचा एक नमुना :

सोमवार – मूगडाळीची धिरडी, कोरडी तिळाची चटणी
मंगळवार – मेथी पराठ्याच्या चकत्या, गूळ-तूप
बुधवार – भाजणीची छोटी थालीपीठे, लोणी
गुरुवार – दुधी पराठा, नाचणीचा लाडू
शुक्रवार – सुकी मटकी उसळ, मऊ पोळी, लिंबाची फोड
शनिवार – भोपळ्याचे घारगे, एक फळ

घारगे तळलेले असले तरी आठवड्यातून एक दिवस मुलाच्या आवडीचा असावा. पथ्य आनंदाने पाळले गेले तरच टिकते.

डब्यावर सारा भार टाकून मात्र चालणार नाही. वजन वाढत नसेल, त्वचा-नखे फिकी दिसत असतील किंवा कृमींची लक्षणे असतील, तर तपासणी करून रक्तातील हिमोग्लोबिन पाहावे व यथायोग्य चिकित्सा करावी.

वैद्यमित्रांना आमची एकच सूचना आहे. बालरुग्णाच्या केसपेपरवर 'डब्यात काय दिले' यासोबत 'डब्यातून काय परत आले' हाही रकाना ठेवावा, आणि त्याचे उत्तर आईऐवजी मुलाकडून घ्यावे.