घाटात तापणारी जुनी ओम्नी

प्रश्न : माझ्याकडे १९९८ची मारुती ओम्नी आहे. खंबाटकी घाट चढताना आणि ट्रॅफिकमध्ये गाडी तापते, मोकळ्या रस्त्यावर मात्र काटा खाली येतो. मेकॅनिक इंजिन उतरवायला सांगतो. काय करावे?

उत्तर : इंजिन उतरवण्याची घाई करू नका. वेग मिळाला की काटा खाली येतो, म्हणजे पहिला संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा. गाडी थंड असताना पंख्याच्या थर्मोस्विचच्या दोन्ही वायरी काढून एकमेकींना जोडा आणि चावी ऑन करा. पंखा फिरला तर स्विच बाद झाला आहे. तो बदलणे स्वस्त आणि सोपे आहे. नाही फिरला तर फ्यूज, रिले, अर्थिंग आणि मोटर या क्रमाने तपासा.

पंखा ठीक असेल तर रेडिएटर पाहा. वर्षानुवर्षे साधे पाणी भरले की आत गंज आणि क्षार साचतात. तो साफ करून घ्या, थर्मोस्टॅट तपासा आणि योग्य प्रमाणात कूलंट भरा.

ऑइल कॅपखाली दुधाळ साय दिसली किंवा रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असले, तरच हेड गॅसकेटची शंका घ्या. ओम्नीचे इंजिन पुढच्या सीटखाली असल्याने सीट गरम लागणे नेहमीचे आहे; भरवसा काट्यावरच ठेवा.

काटा लाल पट्ट्याकडे गेला की गाडी लगेच थांबवा. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नका. उकळत्या पाण्याचा फवारा चेहरा भाजून काढतो.