कोयत्यावर निघण्याआधी

दसरा-दिवाळी झाली की आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. कोणी सांगलीला, कोणी पार कर्नाटकात. मुलूख नवा, डॉक्टर अनोळखी. दुखणे आले की मुकादमापुढे हात पसरावा लागतो. मग उचल फुगते.

म्हणून अंतरवाली सराटीतून निघण्याआधीच आपण यादीत नाव पाहू. नाव असेल, तर घरातल्या प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड काढू. ही योजना २०१८ साली सुरू झाली. योजनेतल्या दवाखान्यात भरती झाल्यास कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार फुकट मिळतात. परराज्यातही मिळतात. साध्या ताप-खोकल्याला मात्र कार्ड चालत नाही. तेव्हा सरकारी दवाखाना गाठावा.

भरती होण्याआधी विचारावे, "हे कार्ड इथं चालतं का?" आता आपल्याला वाचता येते. वाचल्याशिवाय अंगठा देऊ नये.