पाठीवरचे सामान आणि किनाऱ्याचा हिशेब

पदोन्नतीबरोबर येणाऱ्या बदलीचा अनुभव आपल्या बँकेतील बहुतेकांना आहे. माझी बदली भुवनेश्वरला झाली, तेव्हा माझे पती नोकरीमुळे पुण्यातच राहिले. वर्षातून दोन-तीनदा भेट, एवढाच काय तो संसार! २०२४ च्या फेब्रुवारीअखेर त्यांना आठ दिवसांची रजा मिळाली. ते दिवस घरी न काढता ओडिशाच्या किनाऱ्यावर पाठपिशव्या घेऊन हिंडावे, असे आम्ही ठरविले. भितरकनिकाच्या मगरी, चिलिका सरोवराचे पक्षी आणि ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी येणारी कासवे असा क्रम होता. त्या प्रवासात पाहिलेले आणि त्यावरून शिकलेले वाचकांपुढे ठेवीत आहे.

तयारी

पाठपिशवीच्या प्रवासात पहिला धडा वजनाचा. आम्ही प्रत्येकी सात किलोंची मर्यादा घातली. दोघे असल्याने औषधे, टॉर्च, दुर्बीण या वस्तू दोनदा घ्याव्या लागत नाहीत, हा जोडीने फिरण्याचा मोठा फायदा. रोख रक्कम मात्र दोन ठिकाणी विभागून ठेवली आणि त्यात लहान नोटा अधिक घेतल्या. खाडीकाठच्या गावांत मोबाईलचे जाळे गेले की यूपीआयही थांबते, आणि होडीवाल्याजवळ पाचशेचे सुटे नसतात.

भितरकनिका : जंगलाचे विमाछत्र

केंद्रापाडा जिल्ह्यात ब्राह्मणी व वैतरणी या नद्यांच्या मुखप्रदेशात खारफुटीचे हे अरण्य पसरले आहे. १९७५ साली येथे अभयारण्य झाले, १९९८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. खाऱ्या पाण्यातील मगरींची संख्या सत्तरच्या दशकात शंभराच्या आत आली होती. १९७५ पासून डांगमाळ येथे अंडी उबवून पिल्ले वाढविण्याचा व ती नदीत सोडण्याचा प्रकल्प चालला. आज ही संख्या अठराशेच्या आसपास आहे. १ मे ते ३१ जुलै हा मगरींचा घरटी करण्याचा काळ असल्याने उद्यान पर्यटकांना बंद असते, हे लक्षात ठेवावे.

होडीतून जाताना चिखलाच्या काठावर ओंडका पडलेला दिसावा आणि त्याने एकदम पाण्यात सरकावे, हा अनुभव विसरण्याजोगा नाही. पण माझे लक्ष वेधले ते गावांच्या घाटांनी. स्नानासाठी पाण्यात उतरणाऱ्यांना मगरीपासून वाचविण्याकरिता तेथे कुंपणे घातली आहेत. आम्ही तिकीट काढून जी मगर पाहण्यास जातो, तिच्या शेजारी कोणाला तरी रोज कपडे धुवावे लागतात.

आणि तरीही हे जंगल त्या गावांचे विमाछत्र आहे. ऑक्टोबर १९९९ च्या महाचक्रीवादळात याच जिल्ह्यातील ज्या गावांपुढे खारफुटीचा रुंद पट्टा होता, तेथे प्राणहानी तुलनेने कमी झाली, असे नंतरच्या अभ्यासात आढळले. हप्ता दिसतो, संरक्षण दिसत नाही. विम्याचे हेच तर असते.

मंगळाजोडी : मुद्दल आणि व्याज

तेथून भुवनेश्वरमार्गे आम्ही चिलिका सरोवराच्या उत्तर टोकाला मंगळाजोडी या गावी आलो. चिलिका १९८१ मध्ये रामसर यादीत आले. गाळ साचून समुद्राकडची वाट कोंडल्याने पुढे त्याची स्थिती ढासळली व १९९३ मध्ये ते धोक्यातील पाणथळींच्या नोंदीत गेले. २००० साली समुद्राला नवे मुख खोदून दिल्यावर पाण्याचा खारेपणा सावरला, मासळी वाढली आणि २००२ मध्ये ते त्या नोंदीतून बाहेर आले.

मंगळाजोडीची ख्याती मात्र एके काळी पक्ष्यांच्या शिकारीची होती. हिवाळ्यात उतरणारी बदके जाळ्यांनी, बंदुकीने, विष घालून मारून विकली जात. सन २००० च्या सुमारास शिकाऱ्यांपैकीच काहींनी शिकार सोडून पक्षी संरक्षण समिती स्थापन केली. आज त्या गावचे लोक बांबूने नाव ढकलीत पर्यटकांना पक्षी दाखवितात. आमच्या नावाड्याने तलवार बदके, शेकाटे, चक्रवाक, जांभळ्या पाणकोंबड्या इतक्या जवळून दाखविल्या की दुर्बीण गळ्यातच राहिली. पक्ष्यांची पाण्यात उतरण्याची जागा त्याला अचूक ठाऊक होती. हे ज्ञान कोठून आले, हे विचारावे लागले नाही.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीला येथे एक सरळ उदाहरण मिळाले. मारलेले बदक एकदाच विकले जाते. जिवंत बदक मात्र दर हिवाळ्यात, रोज सकाळी, नव्या प्रवाशाला दाखविता येते. मुद्दल न मोडता व्याजावर जगण्याचा हा धंदा. अर्थात हा बदल एका रात्रीत झाला नाही. पर्यटक येऊ लागण्यापूर्वीची अनेक वर्षे ज्यांनी उत्पन्न सोडून राखण केली, त्यांची ती गुंतवणूक होती.

ऋषिकुल्या : मुदतीची तारीख नसलेली ठेव

शेवटचे तीन दिवस आम्ही गंजाम जिल्ह्यात ऋषिकुल्येच्या मुखासाठी राखले होते. ऑलिव्ह रिडले कासवांच्या लाखो माद्या थोड्या दिवसांत एकाच किनाऱ्यावर येऊन अंडी घालतात. या सामूहिक आगमनास ‘आरिबादा’ म्हणतात. एक मादी सुमारे शंभर अंडी घालते व साधारण पन्नास दिवसांत पिल्ले बाहेर पडतात. भक्षकांनी खाऊन संपणार नाहीत इतकी अंडी एकदम घालणे, ही त्यांची युक्ती. भितरकनिकालगतच्या गहिरमाथ्याप्रमाणेच ऋषिकुल्येचा हा किनाराही जगातील मोजक्या ठिकाणांत मोडतो. त्यासाठी १ नोव्हेंबर ते ३१ मे या काळात ठरावीक सागरी पट्ट्यात मासेमारीस बंदी असते. या संवर्धनाचा मोठा खर्च मच्छीमार कुटुंबांच्या खात्यावर पडतो, ही नोंदही हिशेबात हवी.

कासवे आली नाहीत. त्या वर्षी ऋषिकुल्येला आरिबादा झालाच नाही. दोन रात्री आम्ही गावातील तरुण स्वयंसेवकांबरोबर वाळूवर बसलो. दुसऱ्या रात्री माझ्या पतींची चप्पल अंधारात सापडेना, म्हणून मी मोबाईलचा दिवा लावला. मिनिटभरच असेल. स्वयंसेवकाने “दीदी, बत्ती,” एवढेच म्हटले आणि मी तो विझविला.

पहाटे वाळूवर एक माग दिसला. पाण्यातून वर आलेली वल्ह्यांसारख्या पायांची खूण अर्ध्यात वळून परत पाण्यात गेली होती. खड्डा नव्हता, अंडी नव्हती. उजेडाने किंवा वर्दळीने बिचकून मादी अशी परतते, असे तो तरुण म्हणाला. कारणे दुसरीही असतात, हेही त्यानेच सांगितले. ती आमच्या दिव्याने परतली की नाही, हे कधीच कळणार नाही. मी बराच वेळ तेथे बसून राहिले. पती काही बोलले नाहीत. त्यांनी आमच्या दोन्ही पिशव्या उचलल्या आणि स्टेशनपर्यंत माझीही वाहिली. त्या संध्याकाळी त्यांची परतीची गाडी होती.

ताळेबंद

पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, त्या किनाऱ्यावर जवळजवळ सात लाख माद्या आल्या. आम्ही दोघेही तेथे नव्हतो. त्याच वर्षी जानेवारीत रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालणाऱ्या एका मादीच्या पायावर धातूची खूणपट्टी आढळली. ती २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर बसविलेली होती! देशाला वळसा घालून ती कोकणात आली होती. पतींनी ही बातमी मला दूरध्वनीवर वाचून दाखविली, तेव्हा पुणे-भुवनेश्वर अंतराविषयीची माझी नेहमीची तक्रार त्या दिवसापुरती मी मागे घेतली.

अशा किनाऱ्यावर जाऊ इच्छिणाऱ्या जोडप्यांना चार सूचना. सामान कमी न्यावे, दिवस जास्त ठेवावेत. स्थानिक वाटाड्या घ्यावा आणि त्याचे मानधन घासाघीस न करता द्यावे. रात्री किनाऱ्यावर दिवा लावू नये. चप्पल हरवली तर अनवाणी परतावे. आणि जे पाहायला गेलो ते दिसले नाही, तर रजा वाया गेली असे समजू नये. दोन रात्री न बोलता शेजारी बसून वाट पाहणे आम्हा दोघांना त्या वर्षभरात एरवी जमले नव्हते.