तिकिटावरची कळलावी

आपल्या नाशिकचं एक जुनं नाव गुलशनाबाद, म्हणजे फुलांचं गाव. याच गावात, नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये, १९२६ पासून टपाल तिकिटं छापली जाऊ लागली. १९७७ साली डाक विभागाने भारतीय फुलांची चार तिकिटं काढली: कमळ, ऱ्होडोडेंड्रॉन, कदंब आणि कळलावी. त्यातल्या दोन रुपयांच्या तिकिटावर कळलावी आहे. आज तिचाच थोडा अभ्यास करू.

आधी आपल्या आवडीचा विषय, मशीन! या प्रेसमध्ये फोटोग्रॅव्हूर पद्धत १९५२ च्या संत-कवींच्या तिकिटांपासून आली. यात सिलिंडरवर अगदी बारीक खड्डे कोरतात. सिलिंडर शाईत फिरतो, एक पातळ पातं वरची जादा शाई पुसून काढतं आणि खड्ड्यांतली शाई कागदावर उतरते. खड्डा खोल असेल तर रंग गडद, उथळ असेल तर फिका. त्यामुळे एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणं जमतं. कळलावीला नेमकं हेच हवं, कारण तिची पाकळी उमलताना हिरवट पिवळी असते आणि पुढे केशरी, लाल होत जाते.

ही वेल पावसाळ्यात कंदातून वर येते. पानाचं टोकच दोरीसारखं वळतं आणि आधाराला धरतं. पाकळ्या उलट्या, वर वळलेल्या, म्हणून हिला अग्निशिखा म्हणतात. कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात लांगली.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे हिचं नाव ग्लोरी लिली. शास्त्रीय नावही ग्लोरिओसा सुपर्बा, म्हणजे नुसतं कौतुकच कौतुक! मराठी नाव मात्र सावध करतं. कळ लावते ती कळलावी. बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून पूर्वी हिचा कंद वापरत. तो अतिशय विषारी असतो. त्यात आणि बियांत कोल्चिसिन असतं. ते पेशींचं विभाजन थांबवतं. डॉक्टर अगदी मोजक्या मात्रेत हेच गाऊट या सांधेदुखीवर देतात, पण कंद खाल्ला तर माणूस दगावू शकतो. रताळं किंवा दुसरा खायचा कंद समजून लोकांनी तो खाल्ल्याच्या घटना घडलेल्या आहेत.

म्हणून श्रावणात ट्रेकला गेलात तर फोटो खुशाल काढा, पण ओळखीचा नसलेला कंद उकरून खाऊ नका. कोणी चुकून खाल्लाच तर उलट्या-जुलाब सुरू व्हायची वाट बघू नका. त्रास काही तासांनी सुरू होतो, तोवर विष अंगात भिनलेलं असतं. सरळ हॉस्पिटल गाठा आणि काय खाल्लं ते सांगा, जमल्यास तुकडा सोबत न्या. बागेत ही वेल लावायला हरकत नाही, शोभा छान येते. फक्त शेजारी नावाची पाटी लावा, आणि ती मराठीत असू द्या.