वॅट, युनिट आणि खोपोलीचे पाणी

आम्ही इतिहासाचे शिक्षक. विज्ञानावर लिहिण्याचा आमचा अधिकार अल्पच. तरीही स्मरणिकेसाठी हा विषय घेतला, त्यास वसतिगृहातील एका विद्यार्थ्याचा प्रश्न कारण झाला. सायंकाळच्या अभ्यासिकेत त्याने विचारले, "सर, आमच्या भाड्याच्या खोलीत दोन बल्ब आणि एक पंखा आहे. घरमालक आईकडून पॉइंटमागे पैसे घेतो. ते बरोबर की जास्त?" आम्हांस हिशेब करता आला नाही. वॅट आणि युनिट यांतील भेदच आम्हांला नीट ठाऊक नव्हता. त्या रात्री आम्ही दहावीचे विज्ञानाचे पुस्तक उघडून बसलो.

आपल्या बोलण्यात 'लाइट' या एका शब्दात सारे सामावते. लाइट गेली, लाइटबिल आले, लाइटचा शॉक बसला. शास्त्राला मात्र प्रत्येक गोष्टीला वेगळे नाव द्यावे लागते. ती नावे समजून घेण्यासाठी फार दूर जावयास नको. शेजारच्या खालापूर तालुक्यात खोपोलीला टाटांचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. लोणावळ्याच्या परिसरातील तलावांचे पाणी नळांतून घाटाखाली पाचशे मीटरांहून अधिक खोल उतरते आणि त्या वेगाने टर्बाइनची चाके फिरतात.

घाटाची ही उंची म्हणजे विजेच्या भाषेत व्होल्ट, अर्थात विभवांतर. नळातून वाहणारे पाणी म्हणजे अँपिअर, अर्थात प्रवाह. नळ अरुंद असेल तर पाणी अडते. तारेतील तशा अडथळ्याला रोध म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॅट. वॅट हा काम होण्याचा वेग आहे, झालेले काम नव्हे. झालेले काम म्हणजे ऊर्जा, आणि आपण पैसे मोजतो ते ऊर्जेचे. एक हजार वॅटची इस्त्री तासभर सतत तापत राहिली की एक युनिट झाले. मजुरीचा रोजचा दर आणि महिनाअखेरीस हातात पडलेली रक्कम यांत जो फरक, तोच वॅट आणि युनिट यांत.

एक युनिट म्हणजे किती श्रम? गच्चीवरील हजार लिटरची टाकी डोळ्यांपुढे आणावी. तेवढे पाणी पाचशे मीटर खाली पडले तर त्यातून जेमतेम सव्वा युनिट वीज हाती येते. पंच्याहत्तर वॅटचा पंखा त्यावर सोळा-सतरा तास फिरेल. आम्ही हे गणित मांडले, आणि तेव्हापासून रिकाम्या वर्गात फिरणारा पंखा आम्हांस सहन होत नाही.

आता त्या मातेचा हिशेब. नऊ वॅटचे दोन एलईडी बल्ब सहा तास लागले तर १०८ वॅट-तास. पंखा बारा तास फिरला तर ९०० वॅट-तास. दिवसाला सुमारे एक युनिट, महिन्याला तीस. बिलावरील दराने गुणून पाहता घरमालक घेत होता ती रक्कम दुपटीहून अधिक भरली. मुलाने तो कागद घरी नेला. पुढल्या महिन्यात त्या खोलीला वेगळा मीटर लागला.

खोपोलीची वीज प्रथम कोणाकडे गेली, हा प्रश्न मात्र आमच्या विषयातला. ती गेली मुंबईच्या गिरण्यांकडे, एक लक्ष व्होल्टच्या तारांवरून. इतका दाब कशासाठी? तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीच शक्ती शंभरपट कमी दाबाने पाठवू गेल्यास प्रवाह शंभरपट लागतो आणि वाया जाणारी उष्णता दहा हजारपट होते. माथेरानच्या डोंगरापलीकडील भिवपुरीचे केंद्र १९२२ साली आले, भिरा १९२७ साली. भिऱ्याच्या पाण्यासाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी बुडाल्या. १९२१ साली त्यांनी सत्याग्रह केला. ज्यांच्या डोक्यावरून तारा गेल्या, त्या कित्येक गावांत दिवा लागावयास मात्र अनेक दशके गेली.

ही विसंगती ज्यांनी धोरणाच्या पातळीवर हाताळली ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्याच खात्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ च्या भाषणात त्यांनी विजेचा प्रश्न थेट दारिद्र्याशी जोडला. शेतीवरील भार हलका करण्यास उद्योग हवेत, उद्योगांना वीज हवी, आणि ती स्वस्तही हवी व मुबलकही, अशी त्यांची मांडणी होती. पुढे १९४४ साली केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ स्थापन झाले. संविधानाचे शिल्पकार म्हणून त्यांना ओळखणाऱ्या आपल्या मुलांना हा अध्याय क्वचितच सांगितला जातो. आम्हीही तो फार उशिरा वाचला.

घरातील विजेबद्दल थोडे. आपल्याकडे २३० व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह येतो. सेकंदाला पन्नास वेळा त्याचे आवर्तन पूर्ण होते. मोबाइलला मात्र एकाच दिशेचा, दिष्ट प्रवाह लागतो. चार्जरमधील डायोड हा अर्धवाहकाचा लहानसा तुकडा प्रवाहाला एकाच दिशेने जाऊ देतो, आणि येथूनच इलेक्ट्रॉनिक्सचा प्रांत सुरू होतो. दोन हजार वॅटचा गिझर सुमारे नऊ अँपिअर ओढतो, म्हणून तो सहा अँपिअरच्या सॉकेटला लावू नये. तिसरी, अर्थिंगची तार कापून दोन पिनांवर भागवणे हा तर जिवाशी खेळ. इस्त्रीच्या पत्र्यात वीज उतरली तर ती या तारेने जमिनीत जाते आणि फ्यूज अथवा एमसीबी पुरवठा तोडते. ती तार नसेल तर वाट आपल्या शरीरातून निघते.

पालकांनी घरी एक प्रयोग करून पाहावा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकणार तो आकडा शेजारी छापलेला असतो. समजा तो ३२०० आहे. घरातील सारे बंद करून फक्त हजार वॅटची इस्त्री लावली, तर ती तापत असताना मिनिटाला सुमारे त्रेपन्न वेळा दिवा लागला पाहिजे. सारे बंद असूनही दिवा लुकलुकत राहिला, तर वायरमनला बोलवावे. आमच्या आठवीच्या मुलांनी हे मोजून वहीत नोंदवले आहे. माजी विद्यार्थ्यांनी शाळेत आल्यावर ती वही अवश्य मागून पाहावी.